पिशवी लागेलच असं नाही: गुदद्वाराच्या कॅन्सरवरचे उपचार समजून घेताना

निदानाचा कागद हातात आल्यावर मावशीने एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, पिशवी लागणार का हो?" तिच्या माहेरी शेजारच्या एका गृहस्थांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. पोटावर संडासची पिशवी आली आणि त्यांनी लग्नामुंजीला जाणंच सोडलं. तिच्या डोळ्यांसमोर तेच होतं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक नाही लागणार. ऑपरेशन आधी करायचंच नाहीये." मावशीला हायसं वाटलं, पण काका दाराबाहेर पडताच म्हणाले, "कॅन्सर आहे म्हणतात आणि मग काढत का नाहीत? आपण दुसरीकडे दाखवू."

काकांचा प्रश्न रास्त होता. कॅन्सर म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे काढून टाकायची, हेच आपण ऐकत आलेलो असतो. मलाही उत्तर माहीत नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरांना विचारून, वाचून आणि मावशीच्या शेजारी बसून जे समजलं, ते इथे लिहिते आहे. तुमच्या घरच्या रुग्णाचा निर्णय त्याची फाइल पाहणारे डॉक्टरच घेतील. पण ते काय बोलताहेत हे कळलं तर भीती थोडी कमी होते.

आधी जागा. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. त्याच्या खाली जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची आखूड नळी असते, ती गुदनलिका. तिच्याभोवती गोल स्नायू असतात. कितीही घाई लागली तरी आपण घरी पोचेपर्यंत थांबू शकतो, ते या स्नायूंच्या जोरावर. नळीच्या आतलं अस्तर मध्येच बदलतं: वरच्या भागात आतड्यासारखं, खालच्या भागात कातडीसारखं. कातडीसारख्या चपट्या पेशींतून होणाऱ्या कॅन्सरला स्क्वेमस सेल कार्सिनोमा म्हणतात, आणि गुदद्वाराचे बहुतेक कॅन्सर याच जातीचे असतात. बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याच्या, रिपोर्टात हा शब्द स्वतः शोधा. तिथे 'ॲडेनोकार्सिनोमा' (ग्रंथींच्या पेशींतून होणारा कॅन्सर) असेल तर उपचार गुदाशयाच्या कॅन्सरसारखे होतात आणि त्यात ऑपरेशनला मोठं स्थान असतं. मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) असेल तर वाट आणखी वेगळी. माहेरच्या त्या गृहस्थांचा कॅन्सर आणि मावशीचा कॅन्सर हातभर अंतरावरच्या जागेतले, पण जात निराळी, म्हणून औषधही निराळं. मी पुढे लिहिते ते स्क्वेमसबद्दल.

आता काकांचा प्रश्न.

1970च्या आधी या कॅन्सरवर मुख्य उपचार ऑपरेशन हाच होता. गुदद्वार, भोवतालचे स्नायू आणि गुदाशय असं सगळं काढायचं आणि आतड्याचं टोक पोटावर आणून कायमची पिशवी लावायची. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात नॉर्मन निग्रो नावाचे सर्जन होते. ऑपरेशनआधी थोडं रेडिएशन आणि किमो दिली तर गाठ लहान होऊन ऑपरेशन जास्त यशस्वी होईल, एवढाच त्यांचा विचार होता. 1974 मध्ये त्यांनी पहिल्या तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दोघांचं ऑपरेशन झालं आणि काढलेला भाग तपासला, तर त्यात कॅन्सर उरलेलाच नव्हता. तिसऱ्या रुग्णाने ऑपरेशनला नकार दिला, आणि त्याचीही गाठ नाहीशी झाली होती. एका सर्जनने आपल्याच हातचं ऑपरेशन अनावश्यक असल्याचं पाहिलं आणि ते जगाला सांगितलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

नंतर मोठ्या चाचण्या झाल्या. ब्रिटनमधल्या 585 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 1996 मध्ये आले. नुसतं रेडिएशन दिलेल्यांपैकी 59 टक्के लोकांत त्या जागचा कॅन्सर आटोक्यात राहिला नाही. रेडिएशनसोबत किमो दिलेल्यांत हे प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. 2013 मध्ये आलेल्या 940 रुग्णांच्या पुढच्या चाचणीत, उपचार सुरू झाल्यापासून 26 आठवड्यांनी सुमारे 90 टक्के रुग्णांत तपासणीला गाठ सापडली नाही. म्हणून आज जगभर पहिला उपचार किमो आणि रेडिएशन एकत्र, हाच आहे. डॉक्टर त्याला केमोरेडिएशन म्हणतात. काढत नाहीत, कारण न काढता जातो. आणि न काढल्यामुळे तो स्नायू वाचतो, संडासची नेहमीची वाट वाचते.

याला एक छोटा अपवाद आहे. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, गुदद्वाराच्या बाहेरच्या कडेवर, स्नायूत न शिरलेली असेल, तर भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसकट ती कापून काढतात आणि कधीकधी तेवढंच पुरतं. अशा ऑपरेशनला पिशवी लागत नाही.

उपचार ठरण्याआधी तपासण्या होतात. बोटाने तपासणी, दुर्बिणीतून तपासणी, ओटीपोटाचा एमआरआय, छाती-पोटाचा सीटी किंवा पेट-सीटी. बोटाने तपासणीला मावशी आठ महिने टाळत आली होती. रक्त पडतं म्हणजे मूळव्याध, असं तिने ठरवून टाकलं होतं आणि एका दवाखान्यात न तपासताच मलम लिहून मिळालं होतं. रक्त, दुखणं, खाज, गाठ लागणं ही लक्षणं मूळव्याधीची असतातच. पण तीन-चार आठवड्यांत उतार नसेल तर 'तपासून बघा' असं आपणच डॉक्टरांना म्हणायला हवं. दोन मिनिटांचं काम असतं.

जांघाही चाचपतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तशाच तिथल्या लसिकाग्रंथी या कॅन्सरमध्येही सुजू शकतात, कारण गुदद्वाराच्या खालच्या भागाचा निचरा तिकडेच होतो. तिथे गाठ लागली तर सुई घालून तपासतात. जांघेत कॅन्सर पोचला असला तरी आजार हाताबाहेर गेला असं समजू नका. रेडिएशनच्या आखणीत जांघा घेतल्या जातात आणि उपचार बरं करण्याच्या हेतूनेच होतात. गाठीचा आकार (दोन सेंटिमीटरपर्यंत, दोन ते पाच, पाचच्या वर), ती शेजारच्या अवयवात शिरली आहे का, ग्रंथींत आहे का आणि दूर यकृत-फुफ्फुसात गेली आहे का, यावरून टप्पा ठरतो.

याच वेळी एचआयव्हीची तपासणी सांगतात, बायकांना गर्भाशयमुखाचीही. मावशी त्या दिवशी खूप दुखावली. "माझ्यावर संशय घेतात का?" तिला समजावायला मलाच आधी समजून घ्यावं लागलं. या कॅन्सरच्या सुमारे 90 टक्के रुग्णांत मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, त्यातही 16 नंबरचा प्रकार जास्त. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कारणही हेच विषाणू, म्हणून तिथेही पाहतात. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच. बहुतेकांचं शरीर त्याला हुसकावतं, काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षं दबून राहतो. वीस-तीस वर्षांपूर्वी नवऱ्याकडून आला असेल, बायकोकडून आला असेल, कळायला मार्ग नाही. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडता येत नाही. एचआयव्ही असला, किडनी बदललेली असली, तंबाखू-सिगारेट असली तर शरीराची त्याला हुसकावण्याची ताकद कमी पडते. मार्सिया क्रॉस या अमेरिकी अभिनेत्रीला हाच कॅन्सर झाला होता. 2019 मध्ये तिने तो जाहीरपणे सांगितला, आणि लोकांनी लाजू नये म्हणून बोलते आहे, असंही सांगितलं. आमच्या घरात मात्र नातेवाइकांना 'आतड्याचा' म्हणून सांगितलं गेलं. मावशीची तशी इच्छा होती आणि तिचा तो हक्क होता. पण डॉक्टरांपासून काहीही लपवू नये.

एचआयव्ही निघाला तरी उपचार तेच असतात. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या चालू ठेवायच्या आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवायचे.

आता प्रत्यक्ष उपचार. रेडिएशनला आपल्याकडे कुणी 'लाइट घेणे' म्हणतं, कुणी 'शेक'. आधी एक दिवस आखणीचा असतो: सीटी काढतात, कातडीवर बारीक ठिपके गोंदतात. मग सोमवार ते शुक्रवार रोज. त्या 940 रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत 50.4 ग्रे (ग्रे हे किरणांचं माप) इतका डोस 28 दिवसांत विभागून दिला होता, म्हणजे साधारण साडेपाच आठवडे. मोठ्या गाठीला थोडा जास्त देतात. रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. मशीनखाली झोपताना काही जाणवत नाही, दुखत नाही, आणि अंगात किरण उरत नाहीत. नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. हल्ली आयएमआरटी नावाच्या पद्धतीने किरणांची ताकद कमी-जास्त करत गाठीला पूर्ण मारा आणि आतडी, मूत्राशय, मांडीची हाडं यांना कमी, असं साधतात. आपल्या रुग्णालयात ही सोय आहे का, हे जरूर विचारा. या कॅन्सरमध्ये तिचा फायदा कातडीला आणि पोटाला खरोखर जाणवतो.

सोबतची किमो दोन औषधांची. मायटोमायसिन हे जांभळट रंगाचं औषध शिरेतून पहिल्या दिवशी देतात, काही पद्धतींत पाचव्या आठवड्यात पुन्हा एकदा. दुसरं फाइव्ह-एफयू, जे पहिल्या आणि पाचव्या आठवड्यात चार-चार दिवस सलग थेंबथेंब जातं. त्याऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देण्याची पद्धतही आता रूढ आहे. मावशीला गोळ्या मिळाल्या, दवाखान्यात राहणं वाचलं. दोन गोष्टी आधी विचारून घ्या. काही माणसांच्या शरीरात फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटाबिन पचवणारं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांना हे औषध फार जोरात बाधतं. त्यासाठी डीपीवायडी नावाची रक्ततपासणी असते. आणि या औषधांवर असताना छातीत दुखलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच कळवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, कॅपेसिटाबिनशी तिचं पटत नाही. घरचे काढे, भस्मं, चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

पहिले दोन आठवडे तसे सुखाचे जातात. मावशी तर म्हणाली, "उगीच घाबरवलं मला." तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, लघवीला जळजळ, तोंड येणं, थकवा. चौथ्या-पाचव्यात जांघेतली आणि बसायच्या जागेची कातडी लाल होते, मग सोलवटते. ही आग सहन होण्यासारखी नसते आणि ती सहन करायचीही नसते. दुखणं थांबवायची औषधं मागून घ्या, गरज पडली तर मॉर्फिनसुद्धा. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने बरं वाटतं. कागदाने पुसू नका, पाण्यानेच धुवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या. आमच्याकडे आजीच्या जुन्या नऊवारीचे तुकडे उकळून, उन्हात वाळवून ठेवले होते, त्यासारखं काही नाही. सैल सुती कपडे, मऊ भात, ताक, भरपूर पाणी. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर घरी क्रोसिन देऊन झोपवू नका. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप म्हणजे रात्री दोन वाजतासुद्धा रुग्णालय.

आणि याच वेळी माणूस म्हणतो, आता आठवडाभर थांबू. पुतणीचं लग्न आहे, गावी जाऊन येऊ. तिथे घरच्यांनी घट्ट राहायला हवं. खंड पडला की उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. डॉक्टरांनीच थांबवलं तर वेगळी गोष्ट. सिगारेट-तंबाखू मात्र पहिल्या दिवशीच सोडायला हवी, त्याने उपचाराचा गुणही कमी येतो आणि आगही वाढते.

काही गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून ठळक लिहिते. ओटीपोटावर रेडिएशन घेतल्यावर बाईची पाळी बहुधा कायमची थांबते आणि मूल राहणं अवघड होतं. पुरुषांचं वीर्य आणि ताठरता यांवरही परिणाम होऊ शकतो. वय तरुण असेल, मूल हवं असेल तर वीर्य किंवा बीजांडं साठवण्याचं बोलणं उपचार सुरू होण्याआधीच करावं लागतं, नंतर वेळ गेलेली असते. योनीमार्ग आकसतो, त्यासाठी उपचार संपून कातडी भरली की डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत कांडी) वापरायला शिकवतात. त्याचा उपयोग शरीरसंबंधाएवढाच पुढच्या तपासणीसाठीही असतो, म्हणून साठीच्या बाईनेही विचारायला लाजू नये. संडासची घाई पहिल्यापेक्षा जास्त लागणं, हाडं ठिसूळ होणं हेही काहींना राहतं. मावशी आजही बाहेर जाताना आधी बाथरूम कुठे आहे ते पाहून ठेवते.

शेवटचा लाइट झाला की घरच्यांना लगेच निकाल हवा असतो. काकांनी दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "आता स्कॅन कधी?" खरं तर इथून पुढचा काळ मला सगळ्यात कठीण वाटला. हा कॅन्सर सावकाश विरघळतो. रेडिएशनने जखमी झालेल्या पेशी पुढचे कित्येक आठवडे मरत राहतात. त्या 940 जणांच्या चाचणीत, उपचार सुरू झाल्यापासून 11व्या आठवड्यात ज्यांची गाठ पूर्ण गेली नव्हती त्यांच्यातल्या 72 टक्क्यांची 26व्या आठवड्यापर्यंत गेली होती. 11व्या आठवड्यात घाबरून ऑपरेशन केलं असतं, तर त्या सगळ्यांना पिशवी विनाकारण लागली असती! म्हणून गाठ लहान होत असेल, निदान वाढत नसेल, तर थांबतात. मधेच तुकडा काढूनही तपासत नाहीत, कारण भाजलेल्या जागी केलेली जखम लवकर भरत नाही. कुणी दुसरा डॉक्टर तिसऱ्या महिन्यात "अजून आहे, काढून टाकू" म्हणाला, तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा आणि आधीच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा. वाढत असेल तर मात्र थांबायचं नसतं.

सहा महिन्यांनंतरही उरला, किंवा जाऊन परत त्याच जागी आला, तर बायोप्सी करून खात्री करतात आणि मग ते मोठं ऑपरेशन येतं: गुदद्वार आणि गुदाशय काढणं, कायमची पिशवी. यानेही बरेच जण पूर्ण बरे होतात, तेव्हा पिशवीच्या धास्तीने हा दरवाजा बंद करू नये. रेडिएशन झालेल्या जागेची जखम भरायला त्रास देते, म्हणून प्लास्टिक सर्जन पोटाचा किंवा मांडीचा स्नायू आणून ती बुजवतात. असं ऑपरेशन वारंवार करणाऱ्या केंद्रातच जावं. पिशवीची जागा ऑपरेशनआधी रुग्णाला बसवून, उभं करून, साडी किंवा पँट कुठे बांधतो ते पाहून आखायची असते. तेवढं केलं तर नंतरचे निम्मे त्रास वाचतात. पिशवीसह माणसं नोकरी करतात, प्रवास करतात, पोहतातसुद्धा. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया याच कामासाठी आहे. मावशीच्या माहेरच्या त्या गृहस्थांना असं कुणी भेटलं असतं तर, असं मला राहून राहून वाटतं.

कॅन्सर यकृत-फुफ्फुसापर्यंत गेलेला असेल तर मुख्य भर किमोवर असतो, सहसा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. त्यात अलीकडे इम्युनोथेरपीची भर पडली आहे, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींवरचा लगाम सोडवणारी औषधं. रेटिफॅनलिमॅब हे असं औषध या किमोच्या जोडीने द्यायला अमेरिकेत मे 2025 मध्ये मान्यता मिळाली. ते आजाराचं वाढणं लांबवतं, पण महाग आहे आणि प्रत्येकाला लागू पडत नाही. या टप्प्यावर दुखणं आणि झोप सांभाळणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना सुरुवातीपासूनच सोबत घ्यावं.

खर्चाचं थोडक्यात: महाराष्ट्र सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची किमो, रेडिएशन आणि ऑपरेशन येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जा. हा कॅन्सर विरळा असल्याने गावच्या डॉक्टरांनी वर्षभरात एखादाच पाहिलेला असतो. परळचं टाटा मेमोरियल किंवा अशा मोठ्या केंद्रात एकदा मत घेऊन उपचार घराजवळ घेता येतात का, तेही विचारावं.

मावशीची 26व्या आठवड्याची तपासणी पावसाळ्यात आली. डॉक्टरांनी बोटाने तपासलं, जांघा चाचपल्या, एमआरआय पाहिला आणि म्हणाले, "काही लागत नाही." काकांनी विचारलं, "म्हणजे गेला?" ते म्हणाले, "आज नाही आहे. तीन महिन्यांनी या." पाच वर्षं असंच यायचं आहे, आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा. काकांनी तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली आणि मावशीने विचारलं, त्या दिवशी चतुर्थी तर नाही ना.